खिशात चुंबक, हातात टेप

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उभं राहून एक गिरकी घेतली, की टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, स्टेट बँक, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी असं सगळं एकापाठोपाठ डोळ्यांसमोरून जातं आणि एका इमारतीचा तोंडवळा दुसरीला नाही. पहिली माउंटन बाइक घ्यायला निघालेल्या माणसाचंही दुकानात असंच होतं. चहूकडे झगमगाट, आणि बघायचं नेमकं काय ते कळत नाही. त्यात आमच्या लष्कर भागात फुकटचे दोन सल्ले हमखास मिळतात. ‘हलकी घे’ आणि ‘डबल शॉकरवाली घे’. दोन्ही ऐकून घ्या, मान डोलवा आणि विसरून जा.

नवख्याने घ्यावी हार्डटेल, म्हणजे पुढच्या चिमट्याला सस्पेन्शन आणि मागे काहीही नाही. बाड्यावरून उरवाई दरवाज्याने किल्ला चढायचा असो, नाहीतर वीसेक किलोमीटरवरच्या तिघरा धरणाकडे कच्च्या वाटा शोधत जायचं असो, एवढी सायकल पुरून उरते. (पाहुणा पुण्याचा असेल तर तिघऱ्यावर त्याला एक ऐकवून ठेवावं: विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३मध्ये आधी खडकवासल्याला बसले, मग इथे.) स्वस्तातल्या सायकलींची मागची स्प्रिंग बहुधा वजन वाढवते आणि पेडलवरची काही ताकद वरखाली डुलण्यात घालवते. ते पैसे फ्रेममध्ये गेले तर बरं.

आधी चुंबक

फ्रेमवर ‘अलॉय’ लिहिलेलं असतं. वाचून आपण समजतो ॲल्युमिनियम. पण अलॉय म्हणजे नुसता मिश्रधातू, आणि पोलादही मिश्रधातूच की! फ्रिजवरचं चुंबक खिशात टाकून न्या. चिकटलं तर पोलाद, घसरलं तर ॲल्युमिनियम. किंवा टायटॅनियम, पण त्याची किंमत ऐकूनच ते ओळखू येतं.

आता पोलाद पोलादातही फरक आहे. दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं असतं ते साधं, जाड भिंतीचं. माउंटन बाइकवाले ज्याच्या नावाने डोळे मिटतात ते क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं. त्याचा प्रसिद्ध नंबर ४१३०. हा नंबर म्हणजे चक्क पाककृती आहे: ४१ हे या दोन धातूंच्या घराण्याचं नाव आणि ३० म्हणजे ०.३० टक्के कार्बन. विमानांचे सांगाडे याच पोलादाच्या नळ्यांचे होत असत. फ्रेमवर नुसतं ‘स्टील’ असेल तर दुकानदाराला नंबर विचारा. तो छताकडे बघायला लागला, तर उत्तर मिळालं.

खिळेवाल्याची करामत

चांगल्या फ्रेमची नळी टोकांना जाड आणि मधे बारीक असते. बाहेरून हात फिरवला तर काही कळत नाही, सगळी गंमत आतून. भिंतीची जाडी टोकाला ०.८ मिलिमीटर, मधे ०.५, असा हिशेब. जोड टोकाला असतो, तिथे ताण जास्त, म्हणून माल तिथे. मधे कशाला फुकटचं वजन वाहायचं? याला बटेड नळी म्हणतात. तिचं पेटंट १८९७मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने घेतलं, आणि त्याच्या घराण्याचा धंदा होता खिळे बनवण्याचा! याच रेनॉल्ड्स कंपनीची ‘५३१’ नावाची नळी १९३५मध्ये आली आणि पुढे जॅग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही जाऊन बसली.

नखाने टिचकी मारून बघा. नळीच्या मधोमध आवाज खणखणीत येतो आणि टोकाकडे जाताना बसका होतो. कलिंगड घेताना करतो तसंच. दुकानदार बघत राहील, बघू दे.

यातच एक इशारा दडलाय. अशी नळी कुठे तडकली तर गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडे नेऊ नका. त्याच्या वेल्डिंगने अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीला भोक पडेल. टिग वेल्डिंग किंवा पितळेची झाळ येणारा कारागीर हवा. तो मिळाला तर पोलादी फ्रेम दुरुस्त होते, किंचित वाकली असेल तर सरळही होते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे लाड चालत नाहीत.

मग ॲल्युमिनियमच्या नळ्या एवढ्या गलेलठ्ठ का?

पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड. पण ताठही तेवढंच, तिप्पट. म्हणजे वजनाच्या हिशेबात दोघांची बरोबरी! खरी जादू नळीच्या घेरात आहे. नळी दुप्पट रुंद केली आणि भिंत निम्मी पातळ, तर वजन तेवढंच राहतं आणि ताठपणा चौपट होतो. ॲल्युमिनियम हलकं असल्याने ही चैन त्याला परवडते. पोलादाची भिंत आधीच अर्ध्या मिलिमीटरची, ती आणखी पातळ केली तर कोल्ड्रिंकच्या डब्यासारखी चेपेल. म्हणून पोलादी फ्रेम शेलाटी.

वजनातला फरक? बऱ्या दर्जाच्या फ्रेम घेतल्या तर जेमतेम एका लिटरच्या पाण्याच्या बाटलीएवढा. नया बाजारात बहादुराच्या लाडवांसमोर थांबणाऱ्या माणसाने यावर वाद घालू नये.

‘पोलाद गादीसारखं मऊ चालतं’ हेही अर्धंच खरं. फ्रेम थोडी दबते, नाही असं नाही. पण टायरमधली हवा जरा कमी करून बघा, त्यापुढे सगळे धातू झक मारतात. म्हणून फ्रेममध्ये निदान २.४ इंची टायर मोकळेपणी बसतोय ना, हे पाहा. चंबळच्या बाजूला विलायती बाभळीचे काटे पसरलेले असतात; तिथे ट्यूबलेस टायर आणि आत भोक बुजवणारं पांढरं दूध, याला पर्याय नाही.

दूधवाला पुढे निघून गेला

माउंटन बाइकचा जन्म पोलादातच झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं १९३०-४०च्या जड सायकली डोंगरावरून सोडायची. उतारावर मागच्या ब्रेकचं ग्रीस तापून वाफ व्हायचं आणि दर फेरीनंतर नव्याने भरावं लागायचं, त्यावरून त्या वाटेचं नावच पडलं ‘रीपॅक’. १९७७मध्ये जो ब्रीझने मुद्दाम डोंगरासाठी फ्रेम बनवली. कशाची? क्रोमोलीची.

पुढे शर्यतींच्या नादात फ्रेमचा पुढचा कोन ताठ होत गेला. १९९०च्या सुमारास ७१ अंश. उतारावर अशी सायकल स्वाराला हँडलवरून फेकायला टपलेली. आजच्या ट्रेल हार्डटेलचा कोन ६४ ते ६६, म्हणजे चिमटा चांगला पुढे ताणलेला, पाय पसरून बसल्यासारखा. मजा अशी, की दूधवाल्याची जुनी काळी सायकल साधारण ६८ अंशांची. म्हणजे नव्वदीतल्या शर्यतीच्या सायकलपेक्षा तीच उतारावर जास्त शहाणी होती, फक्त कुणी तिला माउंटन बाइक म्हटलं नाही.

हार्डटेलमध्ये आणखी एक गोम आहे. आपण बसलो की पुढचा चिमटा दबतो, मागे दबायला काही नाही, त्यामुळे सायकल नाकावर झुकते. दर २० मिलिमीटर दबण्याला कोन साधारण १ अंशाने ताठ होतो. कागदावरचा कोन आणि रस्त्यावरचा कोन वेगळे, ते असे.

आता टेप

माझ्या मते नवख्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६चा शिलालेख आहे, गोल शून्यासाठी जगभर गाजलेला. पण त्या शून्याचं तिथे काम काय? मोजमाप! बागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद आणि देवाला रोज ५० माळा. साडेअकराशे वर्षांपूर्वी ग्वाल्हेरकर हातांनी मोजून दगडावर कोरत होते, आणि आपण सायकल घेताना ‘मिडियम दे’ म्हणून मोकळे होतो.

मिडियम म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. विचारायचा आकडा आहे ‘रीच’: पेडलचा दांडा जिथून जातो तिथून हँडलच्या नळीच्या डोक्यापर्यंतचं आडवं अंतर. आजकालच्या मिडियममध्ये ते साधारण ४३० ते ४६० मिलिमीटर असतं. पेडलवर उभं राहिल्यावर सायकल अंगाला येते की हात ताणले जातात, ते हा आकडा ठरवतो. सीटच्या नळीची उंची बघून माप ठरवायची सवय जुनी; सीट काय, वरखाली होते. रीच वाढवता येत नाही.

मजबुतीची काळजी वाटते? जयविलास महालात झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले होते, असं इथे शेंबडं पोरही सांगतं. फ्रेमचे हत्ती म्हणजे आयएसओ ४२१०. या चाचणीत यंत्र पेडलांवर १ लाख वेळा दाब देतं. फ्रेमवर ४२१० हा आकडा दिसला तर बरं वाटून घ्या.

बंदुकवाल्यांचे आटे

पैसे मोजण्याआधी सायकल आडवी करून खालची बाजू बघा. पेडलचा दांडा ज्या वाट्यांत फिरतो, त्या आट्यांच्या हव्यात. दाबून बसवलेल्या नकोत, त्या पुढे कुरकुरतात आणि काढायला खास हत्यार लागतं. या आट्यांना बीएसए म्हणतात: बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे रायफली बनवणारी कंपनी. तिच्या खुणेतही तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या असत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ज्या गावाचं नावच लष्कर पडलं, तिथल्या सायकलीला हे शोभतंच.

फक्त एक ध्यानात ठेवा. साखळीच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. ती काढायला घड्याळाच्या दिशेने फिरवावी लागते. नवा पोऱ्या ती सवयीने उलटीकडे फिरवत राहतो, वाटी आणखी घट्ट होते, मग तो पान्यावर उभा राहतो, आणि तुम्ही चहा घेत म्हणायचं, ‘अरे भैया, दुसरीकडे.’