गाडीची नाडी – लेखांक 7 : एसी रुसतो कधी?

मागच्या लेखांकात गॅस कुठून गळतो ते पाहिलं. पण गॅस भरपूर असूनही एसी मध्येच रुसतो, त्याचं काय? गोष्ट माझ्याच गाडीची.

हैदराबादचा मे महिना. काचीगुड्याहून मेहदीपट्टणमपर्यंत गाडी गारेगार, आणि पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणमार्गावर चढून आरामघर दिसायला लागलं की एसीतून गरम वाफा. खाली दुपारची गर्दी, वर मोकळा रस्ता, आणि आत मी घामाघूम. गॅरेजात पोचून बॉनेट उघडेस्तोवर स्वारी पुन्हा चालू! दोन ठिकाणी गॅस भरून झाला. ‘गॅसइच कम है साब’ हे इथलं ठरलेलं निदान. (दखनीतला तो ‘इच’ आपल्याच ‘च’चा भाऊ, म्हणून त्याचा राग येत नाही; बिलाचा येतो.)

तिसऱ्या मेकॅनिकने गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, ‘कब बंद होता?’ सगळी मेख या ‘कब’मध्ये. कंडेन्सरचा पंखा मेला असता, तर एसी सिग्नलला उभं असताना बंद पडला असता आणि उड्डाणमार्गावर वारा लागताच सुधारला असता. गॅस खरंच कमी असता, तर कॉम्प्रेसरचा क्लच दर काही सेकंदांनी टक्‌ करून लागला-सुटला असता. माझा एसी मात्र पाऊण तास गाडी तापली की जायचा आणि निवली की यायचा.

कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर सतत फिरते. तिच्यासमोरची चकती विद्युतचुंबकाने ओढली गेली, तरच कॉम्प्रेसर फिरतो; हाच तो क्लच. दोघींमधली फट साधारण अर्धा मिलिमीटर. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. त्यात कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो. 65 अंशांनी तापली तर प्रवाह जवळपास पाचव्या हिश्श्याने घटतो. चिकटलेली चकती तशीच राहते, कारण तिथे फटच नसते. पण गारवा पुरेसा झाला म्हणून थर्मोस्टॅटने ती एकदा सोडली, की तापलेल्या चुंबकाला तेवढ्या अंतरावरून पुन्हा ओढवत नाही.

त्याने गाडी अर्धा तास चालू ठेवून तापवली. एसी गेला. टेस्ट लॅम्प लावला, तर क्लचच्या वायरीत करंट होता; म्हणजे रिले, फ्यूज, स्विच सगळे निर्दोष. मग लांब लाकडी दांड्याने चकतीला हलकेच टोचलं. टक्‌! एसी चालू. (हा प्रयोग वाचकांनी करू नये, शेजारी पट्टा फिरत असतो, तो बोट आणि दांडा यांत फरक करत नाही.)

इंजिन बंद करून त्याने मधला बोल्ट काढला, चकती उतरवली. आत शाफ्टवर दोन पातळ वायसर होते, त्यातला एक काढून घेतला. पुन्हा आवळून सगळीकडून फिलर गेज फिरवून कमी झालेली फट तपासली. मजुरी गॅसच्या बिलाहून कमी झाली. कागदाएवढा पातळ तो वायसर त्याने माझ्या तळहातावर ठेवला. अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलाय.

कॉइलच जळली असेल तर वायसर काढून भागत नाही. ते पुढच्या आठवड्यात.