सायकल, कुत्रा आणि पट्टा

सायकलीबरोबर कुत्र्याला पळवताना गळपट्टा धोक्याचा. हिसका बसताच सारा ताण श्वासनलिकेवर येतो. शिवाय आपल्याकडच्या मुधोळ कुत्र्याचे डोके अरुंद. तो मागे सरला की गळपट्टा निसटतो आणि जनावर मोटारीपुढे जाते.

म्हणून छातीपट्टा घ्यावा. त्याचा पुढचा भाग छातीच्या हाडावर टेकावा, गळ्यावर नव्हे. खांदे मोकळे राहावेत. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, अधिक नव्हे. निमुळत्या अंगाच्या कुत्र्यासाठी बरगड्यांमागे आणखी एक पट्टा असलेला निवडावा. छाती रुंद, पोट बारीक, त्यामुळे तो निसटत नाही.

दोरी हँडलला कधीच बांधू नये, तोल जातो. सीटखालच्या दांड्याला स्प्रिंग लावून बांधावी. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. तेव्हा उन्हात पळवू नये.