चर्चच्या संकेतस्थळाचे यश कशाने मोजावे?

संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक आकडा विनासायास मिळतो, तो म्हणजे भेटींचा. आणि विनासायास मिळतो म्हणूनच वार्षिक अहवालात तो सर्वांत वर छापला जातो. ऑनलाइन दुकानाच्या बाबतीत या आकड्याला काही अर्थ असतो, कारण तेथे वस्तू पाहणे आणि विकत घेणे या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर घडतात. चर्चचे तसे नाही. उपासना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, विवाह, आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली प्रार्थना, यांतले काहीही पडद्यावर पुरे होत नाही. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने फेब्रुवारी २००२ मध्ये चर्च आणि इंटरनेट या विषयावर जो दस्तऐवज काढला, त्यात या नव्या माध्यमाचे मनापासून स्वागत करतानाच इंटरनेटवर संस्कारविधी होत नाहीत, हे स्पष्टपणे नोंदवले आहे. धर्मशास्त्राचे हे विधान मोजणी करणाऱ्यालाही तितकेच लागू पडते, कारण ज्या संकेतस्थळाचे खरे काम पडद्याबाहेर पूर्ण होते, त्याची मोजणी पडद्यावरच थांबवली तर ती अर्धवट राहते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला माध्यमे नवी नाहीत. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले आणि त्याच्या मराठी विभागाचे संपादन पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केले. वसईहून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून सुमारे दोन तपे काम केले आणि याच काळात हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचे नेतृत्वही केले. अशा नियतकालिकाचे मोल केवळ वर्गणीदारांच्या संख्येत शोधू गेल्यास त्यातले बरेचसे हातातून निसटते, कारण वाचलेल्या मजकुरातून माणसे कशासाठी एकत्र आली आणि त्यांनी काय केले, हे वर्गणीच्या वहीत लिहिलेले नसते. संकेतस्थळाच्या बाबतीत आकड्यांची रेलचेल असल्यामुळे हीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर घडण्याचा संभव आहे.

म्हणून मोजणीची सुरुवात आकड्यांपासून न करता उद्दिष्टांपासून करावी लागते, आणि उद्दिष्टही मोजता येईल अशा शब्दांत लिहावे लागते. ‘समाजापर्यंत पोहोचणे’ ही सदिच्छा आहे. तिला मोजपट्टी लावता येत नाही. याउलट बदली होऊन आलेल्या कुटुंबाला रविवारच्या उपासनेची वेळ आणि भाषा एका मिनिटात सापडावी, परदेशी स्थायिक झालेल्या सभासदाला बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी अर्ज कसा करायचा हे फोन न करता कळावे, लग्न ठरलेल्या जोडप्याला विवाहपूर्व मार्गदर्शनाची नोंदणी करता यावी, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धाला प्रवचन ऐकता यावे, ही खरी उद्दिष्टे होत. त्या प्रत्येकात एक विशिष्ट माणूस आणि त्याची एक विशिष्ट कृती असल्यामुळे, ती कृती झाली की नाही हे तपासता येते. अशी चार-पाच उद्दिष्टे पाळकीय समितीने आधी कागदावर उतरवली नसतील, तर पुढची सारी आकडेमोड निरर्थक ठरते.

गूगल ॲनालिटिक्स ही मोजणीची सेवा नोव्हेंबर २००५ पासून उपलब्ध आहे आणि लहान संस्थांना ती फुकट मिळत असल्याने तिचा प्रसार फार झाला. तिच्या अहवालात ‘सत्र’ म्हणजे एका माणसाने एका बैठकीत केलेली पाहणी. साधारणपणे अर्धा तास काही हालचाल झाली नाही की ते सत्र संपले असे मानले जाते. ‘वापरकर्ता’ हा शब्द मात्र फसवा आहे, कारण यंत्राला माणूस दिसत नाही, केवळ त्याचा फोन किंवा संगणक दिसतो. त्यामुळे एकच फोन वापरणारे पाच जणांचे कुटुंब बहुधा एक वापरकर्ता ठरते, तर घरी फोनवर आणि कचेरीत संगणकावर पाहणारा एकच माणूस दोन वापरकर्ते. शिवाय १ जुलै २०२३ पासून या सेवेच्या जुन्या आवृत्तीने नवे आकडे नोंदवणे थांबवले आणि नव्या आवृत्तीत अनेक व्याख्या बदलल्या, त्यामुळे २०२२ आणि २०२४ चे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडताना सावध राहायला हवे.

सर्वांत अधिक गैरसमज ‘बाउन्स रेट’ या मापाने होतात. अभ्यागत आला आणि लगेच परत गेला, अशा सत्रांचे हे प्रमाण. नव्या आवृत्तीत जे सत्र दहा सेकंदांपेक्षा अधिक टिकले नाही, ज्यात दुसरे पान उघडले नाही आणि ठरवून दिलेली कोणतीही महत्त्वाची कृती घडली नाही, ते या खात्यात जमा होते. आता नाताळच्या आदल्या संध्याकाळी एखादी गृहिणी फोनवर शोध घेते, मध्यरात्रीच्या मिस्साची वेळ पहिल्याच पानावर ठळक दिसते, ती सातव्या सेकंदाला फोन ठेवून देते आणि रात्री कुटुंबासह चर्चमध्ये हजर होते. संकेतस्थळाने आपले काम चोख बजावले, पण अहवालात हे सत्र अपयशाच्या रकान्यात पडले. याच वेळी दुसरा कोणी पाळकांचा दूरध्वनी क्रमांक शोधत आठ पाने धुंडाळतो, आठ मिनिटे घालवतो आणि क्रमांक न सापडताच कंटाळून निघून जातो. त्याची भेट मात्र ‘गुंतलेले सत्र’ म्हणून गौरवली जाते. वृत्तपत्राच्या किंवा करमणुकीच्या संकेतस्थळासाठी वाचकाचा वेळ हेच भांडवल असते, म्हणून तेथे हे माप योग्यच आहे. चर्चने ते जसेच्या तसे उचलणे अयोग्य.

काळाची तुलना करतानाही चर्चला एक खास अडचण येते, ती म्हणजे ईस्टरची फिरती तारीख. ईस्टर २०२४ मध्ये ३१ मार्चला होता आणि २०२५ मध्ये २० एप्रिलला. पवित्र सप्ताहातील कार्यक्रम पाहण्यासाठी जी गर्दी उसळते ती एका वर्षी मार्चच्या आणि दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या हिशेबात जाते, आणि केवळ एप्रिलची एप्रिलशी तुलना करणारा चिटणीस भेटी वाढल्याची खुशखबर समितीला देऊन मोकळा होतो. म्हणून चर्चच्या आकड्यांची तुलना उपासना-वर्षाच्या हंगामांप्रमाणे, म्हणजे उपवासकाळाची उपवासकाळाशी आणि आगमनकाळाची आगमनकाळाशी करावी. २०२० हे वर्ष तर आधारवर्ष म्हणून सर्वस्वी बाद ठरवावे. त्या वर्षी टाळेबंदीमुळे चर्चे बंद होती, वांद्र्याची माउंट मेरीची जत्राही रद्द झाली होती, आणि उपासनेचे थेट प्रक्षेपण हाच एक मार्ग उरल्याने पडद्यावरची संख्या फुगली होती.

मोठ्या शहरातील चर्चसाठी केलेले हे आडाखे पूर्व विदर्भात आणखी तपासून घ्यावे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी होती, आणि तीही मुख्यतः मुंबई-वसई, पुणे आणि अहमदनगर या पट्ट्यांत एकवटलेली. नागझिऱ्याच्या जंगलाभोवतीच्या तिरोडा, गोरेगाव, साकोली या भागांत ख्रिस्ती घरे तुरळक आहेत. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरील मोठे जंक्शन असल्याने आणि तिरोड्याला औष्णिक वीज प्रकल्प असल्याने, केरळ, झारखंड, छत्तीसगड अशा राज्यांतून नोकरीनिमित्त आलेले कुटुंब येथे जवळची मंडळी शोधत असेल, तर संकेतस्थळाचा खरा उपयोग त्याला आहे. त्यातच नावांचा प्रश्न येतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तिच्यात अँग्लिकनांबरोबर प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट अशा परंपराही मिसळल्या. दूरच्या राज्यातून आलेला माणूस आपल्या परंपरेचे जुने नाव टाइप करतो, आणि स्थानिक चर्चच्या पानावर तो शब्दच नसेल तर ते पान त्याला सापडणे कठीण होते. लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचतात हे सांगणारे ‘सर्च कन्सोल’ हे गूगलचे मोफत साधन म्हणूनच छोट्या मंडळीला भेटींच्या आकड्यापेक्षा अधिक शिकवते.

अशा मंडळीने टक्केवारीपासूनही दूर राहावे. महिन्याला चार चौकश्या येत होत्या त्या आठ झाल्या, याला शंभर टक्के वाढ म्हणणे हिशेबाने बरोबर असले तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चार काय आणि आठ काय, त्या माणसांची नावे पाळकांना ठाऊक असतात, त्यांच्याशी बोलावे. संख्या लहान असणे ही येथे उणीव नसून सोय आहे.

याहून स्वस्त आणि खात्रीची कसोटी म्हणजे प्रत्यक्ष चाचणी. संकेतस्थळांची सुलभता तपासणारे जेकब नीलसन यांनी २००० मध्ये असा हिशेब मांडला की पाच माणसांकडून चाचणी करून घेतली तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. संकेतस्थळ बनवण्याशी संबंध नसलेली पाच माणसे, त्यांत एक-दोन ज्येष्ठ, एका खोलीत एकेक करून बोलवावीत. त्यांच्याच फोनवर ‘गुड फ्रायडेची उपासना किती वाजता आहे ते शोधा’, ‘दाखल्यासाठी कोणाला भेटावे ते सांगा’ अशी कामे द्यावीत. आणि शेजारी बसलेल्याने घड्याळ व कागद घेऊन गप्प राहावे. हे गप्प राहणे कठीण जाते, पण तेच चाचणीचे सार आहे. मग दिसते की उपासनेच्या वेळा एका रंगीत पत्रकाच्या छायाचित्रात आहेत, छायाचित्र दोन बोटांनी मोठे केल्याशिवाय वाचता येत नाही, मोठे केले की अर्धा भाग पडद्याबाहेर जातो, आणि धीर धरून वाचले तर ते पत्रक मागल्या वर्षीचे निघते. शोधयंत्रालाही अशा चित्रातला मजकूर साध्या मजकुराइतका सहज कळत नाही. हा दोष एकाही आलेखात दिसला नसता.

शेवटची मोजणी दारात होते. संकेतस्थळावर दूरध्वनी क्रमांकावर टिचकी मारणे, नकाशा उघडणे, अर्ज पाठवणे या कृतींची वेगळी नोंद ठेवता येते आणि ती ठेवावीच. पण नवागताचे स्वागत करणाऱ्याने ‘आपल्याला आमच्याविषयी कोठून कळले?’ एवढे विचारून वहीत लिहिले, तर पडदा आणि दार यांतला दुवा जुळतो. आलेल्या ईमेलला उत्तर किती दिवसांनी गेले, हेही संकेतस्थळाचेच माप समजावे, कारण अर्ज भरणाऱ्याच्या लेखी उत्तर न आलेले संकेतस्थळ बंदच असते.

मात्र या नोंदी ठेवताना मर्यादा पाळणे अत्यावश्यक आहे. चर्चच्या संकेतस्थळावरील भेट माणसाच्या श्रद्धेविषयी काही सांगून जाते. युरोपच्या माहितीसंरक्षण नियमांत धर्मविषयक माहितीला विशेष संरक्षण आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी वेगळी वर्गवारी केलेली नाही, म्हणून ती काळजी चर्चने स्वतःहून घेणे भाग आहे. ज्यांना आकडे परक्या कंपनीकडे जाऊ द्यायचे नाहीत, त्यांना मॅटोमोसारखी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारी मुक्त प्रणाली वापरता येते. आजार, कर्ज, घरातला कलह यांविषयी लोक ज्या पानावर प्रार्थनेची विनंती लिहितात, तेथे मोजणीचे कोणतेही साधन बसवूच नये. महिन्यात विनंत्या किती आल्या, हे पाळकांनी बैठकीत तोंडी सांगितले तरी समितीचे काम भागते.