वारा कापणाऱ्या पोरी

झरी जामणीच्या रस्त्यावर समोरून वारा आला, की तुम्ही मैत्रिणीच्या सायकलमागे लपता ना? बस्स, प्रो रेसिंगचं गणितही हेच! पुढची वारा कापते, मागचीची ताकद वाचते.

२४ जुलै २०२२, पॅरिस. महिलांच्या 'टूर द फ्रान्स'चा पहिला टप्पा, सुमारे ८२ किलोमीटर. नेदरलँड्सची लोरेना वीबेस घोळक्यात दम राखून राहिली आणि अगदी शेवटी मारियाना व्होसला मागे टाकून जिंकली. पिवळी जर्सी तिचीच!

आयोजकांनी १९८९ नंतर महिलांची टूर बंद केली होती. ती परत यायला ३३ वर्षं लागली. रस्ते तेच होते, फक्त पोरींसाठी मोकळे नव्हते.

तुमची शाळेतली सायकल घरी गंजतेय? आजच हवा भरा!