घोटीचा पाऊस

सह्याद्रीवर आदळणारे ढग घोटीच्या परिसरांत इतके रिते होतात, कीं पन्नासेक किलोमीटरांवरील सिन्नरकरांना आभाळाकडे डोळे लावून बसावें लागतें. ह्या धुवाधार पावसांतच येथील बायका गुडघाभर चिखलांत वांकून भाताची आवणी करतात. पूर्वी डोक्यावर इरलें असे, आतां प्लास्टिकचा कागद! (आपण त्या वेळीं घरांत भजीं तळीत असतों.) ओढ्यांना पूर आला, कीं वाड्यापाड्यांची वाट तुटते. दारणेचें पाणी १९१६ सालीं पुरें झालेल्या धरणांत अडतें, तें खालच्या कालव्यांसाठीं. ह्याबद्दल आम्हांस असूया नाहीं. परंतु डोंगरावरील कातळांत पाणी मुरत नाहीं, आणि आषाढांत भिजलेल्या त्याच बायका वैशाखांत हंडा घेऊन दूरच्या विहिरीची वाट धरतात.