टिपलेली रेषा

शाईच्या पेनाने लिहिलेल्या ओल्या अक्षरांवर टीपकागद दाबला आणि मग तो उलटून पाहिला, तर काय दिसते? तीच अक्षरे, पण उलटी आणि तुटक. असा कागद आपण टाकून देतो. अमेरिकेतील अँडी वॉरहॉल (१९२८-१९८७) या चित्रकाराने मात्र या तुटक रेषेचाच उपयोग करून घेतला. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याने काढलेली पादत्राणांची चित्रे या रेषेमुळे गाजली. तशी चित्रे तुम्हालाही घरी काढता येतील, आणि ती काढताना पदार्थविज्ञानाचा एक धडाही शिकता येईल.

साहित्य : ट्रेसिंग पेपर, चित्रकलेच्या वहीतील कागद, पेन्सिल, टाक किंवा शाईचे पेन, शाई, चिकटपट्टी आणि खाली अंथरायला जुने वर्तमानपत्र. बॉलपेन चालणार नाही. त्याची शाई फार घट्ट असते.

कृती : ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने एखादे सोपे चित्र काढा. पिंपळाचे पान, किटली, चप्पल, काहीही चालेल. आता दोन्ही कागद शेजारी ठेवून मधल्या कडेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे ते पुस्तकाच्या पानांसारखे उघडतील व मिटतील. पेन्सिलीच्या रेषेचा दोन-तीन सेंटिमीटर भाग शाईने गिरवा. लगेच वहीचा कागद त्यावर मिटा आणि बोटाने हलकेच दाबा, घासू नका. कागद उघडा आणि पुढचा तुकडा गिरवा. कागद जोडलेले असल्यामुळे प्रत्येक तुकडा आपल्या जागीच उमटतो.

आता प्रश्न असा, की ट्रेसिंग पेपरच का? साधा कागद म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या बारीक तंतूंचे जाळे. तंतूंमध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. शाई या पोकळ्यांत आपोआप ओढली जाते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसेच हे आहे. यालाच केशाकर्षण म्हणतात. ट्रेसिंग पेपर करताना तंतू इतके कुटलेले असतात, की पोकळ्या जवळजवळ उरतच नाहीत. म्हणून त्यावर शाई मुरत नाही, वरच राहते.

आणि गंमत पाहा. ट्रेसिंग पेपरमधून पलीकडचे दिसते, त्याचेही कारण हेच! साध्या कागदातील पोकळ्यांमुळे प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून तो कागद पांढरा दिसतो. पोकळ्या नसल्या की प्रकाश बराचसा सरळ आरपार जातो. भज्यांच्या पुडीचा कागद तेलकट होऊन अर्धपारदर्शक होतो, कारण तिथे पोकळ्यांत तेल भरते.

आता रेषा तुटक का, हे सहज समजेल. वर राहिलेली शाई पृष्ठताणामुळे एकसारखी पसरत नाही. ती कुठे फुगते, तर कुठे पातळ होते. फुगलेल्या जागी ठसा जाड उमटतो; पातळ थर मिटण्यापूर्वीच वाळला, तर तिथे रेषा तुटते. म्हणजे एकीकडे वाळणे व दुसरीकडे टिपले जाणे, अशी ही शर्यत आहे. रहिमतपूरला वैशाखातील कोरड्या दुपारी शाई लवकर वाळते, तेव्हा लहान तुकडे गिरवावेत व पंखा बंद ठेवावा. श्रावणातील दमट हवेत जास्त सवड मिळते.

हे स्वतः पडताळून पाहा. एकाच पेनाने, एकाच शाईने सारख्या लांबीच्या चार रेषा एकेक करून ओढा. पहिली लगेच टिपा. पुढच्या तीन अनुक्रमे दहा, वीस व चाळीस सेकंद थांबून टिपा. ठशांखाली वेळ लिहून ठेवा. मग वेळ तीच ठेवून फक्त कागद बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम विसरू नका.

एक अडचण मात्र राहते. रहिमतपूर स्थानकाची पाटी काढलीत, तर गावाचे नाव उलटे छापले जाईल. ‘ठ’सारखे अक्षर जवळजवळ तसेच राहील, पण ‘र’ चुकीच्या दिशेला तोंड करील. यावर उपाय सोपा आहे. कागद जोडण्यापूर्वी ट्रेसिंग पेपर पालथा घाला आणि मागून दिसणारी रेषा गिरवा. दोनदा उलटले की पुन्हा सुलटे! गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले, ते शिळाछापावर. त्या तंत्रातही दगडावर अक्षरे उलटी असावी लागतात. म्हणून मजकूर आधी खास कागदावर सुलटा लिहून दगडावर दाबण्याची युक्ती छापखान्यांत वापरली जाई.

त्याच ट्रेसिंग पेपरवरून तुम्ही पुन्हा ठसा घ्याल, तेव्हा रेषा वेगळ्याच जागी तुटेल. शाईचा प्रत्येक थेंब किती फुगला, किती वाळला, हे दुसऱ्यांदा तंतोतंत जुळत नाही. म्हणून प्रत्येक ठशामागे तारीख, वेळ आणि शाईचा प्रकार लिहा. चित्रांची वही भरेल, तशी प्रयोगवहीही भरेल.