येनाबाई आणि वाट पाहणारी मुलगी

वाचकहो, आमची एक भाची जर्मनीतील येना या गावी प्रकाशशास्त्र शिकते. जपानी चित्रमालिकांचे वेड तिला आमच्यामुळे लागले, असा तिच्या आईचा आमच्यावर जुना आरोप आहे, आणि तो खरा आहे. हिवाळा लागताच तिचे पत्र आले : "मामा, तुम्ही सांगितलेले सगळे पाहून झाले. इथे चार वाजताच अंधार पडतो, आणि आठवडाभर एक तारा दिसत नाही. आता काय पाहू? खरे सांगू, घरी परत यावेसे वाटते."

आपल्या इतर घरांतही अशी मुले आहेत. म्हणून तिला दिलेले उत्तर येथेच छापतो.

बाळ, 'प्लॅनेटेरियन' पाहा. २००४ साली ही कथा संगणकावर वाचण्याच्या खेळाच्या रूपात आली आणि २०१६ साली तिचे पाच छोटे भाग निघाले. युद्धाने ओस पडलेले एक शहर आहे. तिथे पाऊस थांबत नाही, तारे दिसत नाहीत. एका मोठ्या दुकानाच्या छतावरील तारांगणात युमेमी नावाची यंत्रमुलगी तीस वर्षे प्रेक्षकांची वाट पाहते आहे. एक भटका माणूस चुकून आत शिरतो, आणि ती त्याचे आदराने स्वागत करते. तिथल्या बिघडलेल्या तारे दाखवणाऱ्या यंत्राला ती 'येना-सान' म्हणते. आपण म्हणू, येनाबाई!

हे नाव तुझ्याच गावाचे. १९२३ साली येनाच्या झाइस कारखान्यात वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी घुमटावर तारे पाडणारे पहिले यंत्र सिद्ध केले. त्यात फक्त म्यूनिकहून दिसणारे आकाश होते. दुसऱ्या नमुन्यात दोन गोल आले आणि दक्षिणेचे आकाशही आले. तुमच्या गावचे तारांगण १८ जुलै १९२६ रोजी उघडले. चालू असलेल्यांत ते जगातील सर्वांत जुने मानतात.

तसलेच दुसऱ्या नमुन्याचे यंत्र १९३७ साली ओसाकाला गेले. ते पाहायला येणाऱ्या मुलांत ओसामू तेझुका होता. हाच मुलगा पुढे 'अॅटम'चा जनक झाला. मांगावाचकांनी येनाचे आभार मानायला हरकत नाही! त्याची 'बुद्ध' ही चित्रकथा तू वाचली नसशील, तर तीही घे. कपिलवस्तू आणि मगध जपानी लेखणीतून कसे दिसतात, ते कळेल.

जपानमधील आकाशी शहरात येनाहून आलेले यंत्र १९६० पासून तारे दाखवते आहे. १९९५ च्या भूकंपात इमारतीचे नुकसान झाले, पण यंत्र वाचले. दुरुस्तीनंतर १९९८ साली दारे पुन्हा उघडली. कथेतली येनाबाई पाहताना आम्हांस या खऱ्या येनाबाईची आठवण होते.

यानंतर 'चि' घे. पृथ्वी फिरते, एवढे म्हणण्यासाठी जीव देणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. उओतो यांची मूळ चित्रकथा २०२० ते २०२२ मध्ये आली, आणि तिचे २५ भाग २०२४-२५ साली निघाले. त्यात छळाची दृश्ये आहेत, म्हणून धाकट्या भावाला दाखवू नकोस.

आता 'प्लॅनेटेरियन'चे एकच दृश्य सांगतो. खेळ ऐन रंगात असताना वीज जाते. घुमट काळा पडतो. युमेमी मात्र थांबत नाही. अंधारात ती ताऱ्यांचे वर्णन करीत राहते, आणि त्या माणसाला तारे दिसू लागतात. आम्हांस आमच्या लहानपणचा संध्याकाळचा मराठी वर्ग आठवला. दोनच मुले आली तरी गुरुजी कंदील लावीत आणि पाठ पुरा करीत. त्या दोघांतला एक आज हे लिहितो आहे.

शेवट सांगत नाही. रुमाल जवळ ठेव.

पाहून झाले की तुमच्या तारांगणात जा आणि आपला त्रिशंकू दाखवाल का, म्हणून विचार. येनाच्या आकाशात तो कधीच उगवत नाही, पण घुमटावर उगवू शकतो. इकडे या दिवसांत तो पहाटे वर येतो. आम्ही उठून त्याला पाहून घेऊ. मालिका कशी वाटली ते लिही. घरी येण्याचे मग बोलू.